सयामांची नस्ती

तीन महिने जपानात राहून आले आणि फुजी पर्वत बघितला नाही, असं सांगितल्यावर आमच्या सोसायटीतल्या वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी लग्नाच्या पंगतीतून जिलबी न घेता उठले. काय करणार? दोनदा बेत ठरला, दोन्ही वेळा ढग आले. तिसऱ्यांदा ठरला त्या शनिवारी मी टोकियोतल्या एका खोलीत पंचिंग मशीन घेऊन बसले होते. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. का ते सांगते.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे पुढचं नीट कळेल. साताऱ्यात कोर्टात चौतीस वर्षं नोकरी केली. कारकून म्हणून लागले, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. माणूस निवृत्त होतो, हात होत नाहीत. सुटा कागद दिसला की मला चैन पडत नाही. घरच्या लाइट बिलांनाही मी भोक पाडून टॅग लावते, वर अनुक्रमणिका, आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने आकडा. आमचे हे म्हणतात, "माझं मृत्युपत्र केलंस तर पृष्ठांकन विसरू नकोस." ह्यांचा गुडघा नुकताच बदललेला, त्यामुळे लेकीकडे मी एकटीच गेले.

हिगाशी-कसाई

मुग्धा, माझी लेक, तिथे आयटीत आहे. जावई अनिकेतही त्यातलाच. टोकियोच्या ज्या भागात ते राहतात तिथे आपली माणसं इतकी, की लिफ्टमध्ये पहिल्याच दिवशी एक बाई मला म्हणाल्या, "काकू, पोहे जाड हवेत की पातळ? खालच्या दुकानात दोन्ही मिळतात." मी बॅगेतून तीन किलो पोहे आणले होते. ते माझ्याकडे बघत बसले.

नात इरा आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जपानी, फारच झालं तर इंग्रजी. "इरा, जेवायला चल" म्हटलं की "चोत्तो मात्ते", म्हणजे 'जरा थांब'. चौथ्या दिवशी मी तिला भांग पाडायला बोलावलं तेव्हाही तेच, आणि तिने मला काजू मागितले तेव्हा मीही म्हटलं, "चोत्तो मात्ते." त्यावर ती इतकी हसली की आमची गट्टी जमली.

पहिला अपघात कचऱ्याचा. तिथे कचरा वेगळा करायचा म्हणजे काय, हे मी ऐकून होते; पण नारळाची करवंटी ही जळणारी की न जळणारी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे बंबात घालायचो, म्हणजे जळणारी, असा माझा हिशेब. हिशेब बरोबर होता, वार चुकला. तासाभराने शेजारच्या आजी पिशवी घेऊन दारात. सोबत हाताने काढलेला तक्ता: कुठला वार, कुठली पिशवी, करवंटीचं चित्रसुद्धा. आधी त्यांनीच वाकून माफी मागितली. मला लाज वाटली, पण तक्ता बघून मनात म्हटलं, सुलभा, ही तर आपल्याच जातकुळीची माणसं. कचऱ्यालाही अनुक्रमणिका.

दर शनिवारी मुग्धा सकाळीच निघायची. ब्रह्मदेशातून पळून आलेल्या लोकांना कागदपत्रं भरायला मदत करणारा एक लहानसा गट आहे, त्यांच्यात ती दोन वर्षं जाते. मला सुरुवातीला राग यायचा. आठवडाभर घाण्याला जुंपलेली पोर, दोन दिवस सुट्टी, त्यातला एक परक्यांना. तिसऱ्या शनिवारी मी म्हटलं, फुजी राहू दे, चल, मीही येते. जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून घरातले जुने स्वेटर धुऊन, इस्त्री करून, मोठी पिशवी भरून घेतली. मुग्धा काहीतरी बोलणार होती, पण गाडी आली.

ताकादानोबाबा

ह्या स्टेशनाच्या आसपास ब्रह्मी दुकानं आहेत. एका दुकानात चहाच्या पानांची कोशिंबीर खाल्ली. हो, चहाची पानं, मुरवलेली. त्यात तळलेली डाळ, शेंगदाणे, तीळ, लसूण. पहिल्या घासाला तोंड वाकडं झालं, दुसऱ्याला सरळ झालं, आणि तिसऱ्याला मी मुग्धाच्या ताटलीतली घेतली. भेळेला चुलत बहीण असती तर अशी असती.

गटाची खोली तिसऱ्या मजल्यावर. गट चालवणाऱ्या मोरी-सान सत्तरीच्या, वॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेल्या. मी पिशवी टेबलावर ठेवली. त्या वाकल्या, मी वाकले. मग त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. खालपासून छतापर्यंत स्वेटर. मुग्धा खाली बघत होती.

मोरी-सान चांगल्या इंग्रजीत म्हणाल्या की लोक प्रेमाने देतात, त्यामुळे नको म्हणता येत नाही. पण थंडी हा ह्या माणसांचा सगळ्यात छोटा प्रश्न आहे. मी विचारलं, मग मोठा कुठला? त्यांनी सावकाश सांगितलं. खोली भाड्याने घ्यायची तर जामीन राहायला माणूस हवा. दवाखान्यात सोबत बसून डॉक्टर काय म्हणाला ते सांगणारं कुणी हवं. शाळेतून मुलांच्या दप्तरात येणाऱ्या चिठ्ठ्या वाचून दाखवणारं कुणी हवं. आणि सगळ्यात आधी, आपल्यावर काय गुदरलं ते सरकारला पटेल अशा रीतीने लिहून देणारं कुणी हवं, कारण ते नीट लिहिलं गेलं नाही तर बाकी सगळं फुकट. मी माझी पिशवी गुपचूप टेबलाखाली सरकवली.

तिथेच सयामा भेटल्या. सयामा म्हणजे शिक्षिका. आपल्याकडे मुलं 'बाई' म्हणतात, अगदी तसंच. नाव त्यांचं दॉ थिरी, पण मोरी-सानपासून सगळे त्यांना सयामाच म्हणतात. वय अठ्ठेचाळीस, शरीराने किडकिडीत, ताठ बसणाऱ्या. गालावर खोडाची साल उगाळून लावलेला पिवळसर लेप. घरी सहाणेवर चंदन उगाळतो तशीच त्यांचीही सहाण असते. मी तसं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हसल्या. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण गणिताच्या बाईंचं, म्हणजे एकही शब्द जास्तीचा नाही.

त्यांची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. लष्कराने सत्ता घेतली तेव्हा त्यांच्या गावातल्या शिक्षकांनी ठरवलं, लष्कराच्या हाताखालच्या शाळेत शिकवायचं नाही. सयामांनी हजेरीपटावर सही केली नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. नोकरी गेली, मग नावाने वॉरंट निघालं. त्या गावोगाव लपत राहिल्या, आणि लपल्या तिथेही झाडाखाली फळा टांगून मुलांना शिकवत राहिल्या. एकदा सैनिक आले. नदीकडे पळताना पोटरीला गोळी चाटून गेली. पलीकडे थायलंड. तिथे सीमेवरच्या दवाखान्यात जखम शिवली. दोन वर्षं तिथे काढून आतेभावाच्या आमंत्रणावरून जपानला आल्या आणि निर्वासित म्हणून मान्यता मिळावी असा अर्ज केला. सध्या जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात उभ्याने काम करतात. सोळा वर्षांची लेक अजून सीमेवर मावशीकडे आहे. अर्ज मंजूर झाला तरच तिला इकडे बोलावता येईल.

"लेक गणितात कशी आहे?" मी विचारलं.

"माझ्यापेक्षा चांगली," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांची मान इतकी ताठ झाली की मला माझीच आठवण झाली.

त्या दिवशी खोलीत सगळ्यांचे चेहरे पडलेले होते, त्याला कारण होतं. इमिग्रेशनकडून सयामांना पत्र आलं होतं. अर्जात देश सोडल्याची तारीख नोव्हेंबरच्या सुरुवातीची. थायलंडच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवरची तारीख मात्र त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली. सीमा ओलांडायच्या दोन आठवडे आधी तुम्ही पलीकडच्या दवाखान्यात कशा होतात, याचा लेखी खुलासा करा. पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारपर्यंत. त्यानंतर मुलाखत.

मोरी-सान आणि मुग्धा यांचं मत पडलं होतं की दवाखान्याची चिठ्ठीच चुकली असणार. सीमेवरची धावपळ, कुणीतरी घाईत तारीख लिहिली. चिठ्ठी मागे घेतो असं लिहून द्यायचं. मला ते पटेना. त्या चिठ्ठीवर 'गोळीची जखम' असं लिहिलेलं होतं. त्यांच्यावर गोळी झाडली गेली याचा तेवढाच एक कागद. तो काढून घेतला तर उरतं काय? आमच्या कोर्टात एक म्हातारे शिरस्तेदार सांगायचे, दोन कागद भांडत असतील तर एकाला बाहेर काढू नका, दोघांनाही बसवून घ्या.

मी मोरी-सानना विचारलं, फाइल बघू का? त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. आत सुटे कागद, ब्रह्मी, थाई, इंग्रजी, जपानी, काही दुमडलेले, एकावर चहाचा डाग. माझे हात शिवशिवले. पंचिंग मशीन मागितलं. टॅग नव्हते, म्हणून बुटाची नवी नाडी विकत आणली. लाल पेन्सील माझ्या पर्समध्ये असतेच. दुपारभर बसून मी कागद तारखेप्रमाणे लावले, प्रत्येकाचा विषय इंग्रजीत लिहून अनुक्रमणिका केली, पानांवर आकडे घातले. एकूण चाळीस पानं. अर्जाचा कच्चा मसुदा पान बत्तीसवर आला. अक्षर मुग्धाचं होतं, ते मी कुठेही ओळखेन. गेल्या वर्षी तिनेच भरून दिला होता.

नस्ती, म्हणजे आमच्या कोर्टाच्या भाषेत फाइल, तयार झाली तेव्हा सयामांनी ती दोन्ही हातांनी घेतली, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, आणि म्हणाल्या, "इतकं आयुष्य झालं माझं?"

तारखांचं भांडण मात्र तसंच राहिलं.

कोजागरी

पुढच्या शनिवारी कोजागरी होती. मी दूध आटवायचा घाट घातला होता. बदाम-पिस्ते साताऱ्याहून आणलेले, केशर अनिकेतने कुठूनसं पैदा केलं. तिथे ऑक्टोबरात पाचलाच अंधारून येतं, तेव्हा जागरण वगैरे न करता संध्याकाळीच गॅलरीत चंद्र बघून दूध प्यायचं ठरवलं. मुग्धाने सयामांना बोलावलं.

त्या आल्या त्या त्यांच्याकडे बायकाही नेसतात ती ठेवणीतली लुंगी नेसून, केसांत फूल, हातात पेरूची टोपली आणि मेणबत्त्यांचं पुडकं. मला खुर्चीवर बसवलं आणि काही कळायच्या आत समोर गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावून नमस्कार केला. मी दचकून उठायला लागले. त्यांनी हातानेच बसवलं.

"आज आमच्याकडे घरातल्या मोठ्यांना नमस्कार करतात," त्या म्हणाल्या. "माझी आई नाही. इथे मोठी तुम्ही. अमा."

अमा म्हणजे ताई, हे त्यांनी नंतर सांगितलं. दसऱ्याला सोनं देऊन आपण मोठ्यांच्या पाया पडतो, तसा त्यांचा हा सण. इरा हे सगळं बघत होती. तिने न सांगता मला नमस्कार केला, मग सयामांना. आजवर ह्या नमस्कारासाठी मी तिच्या विनवण्या करत होते.

गॅलरीच्या कठड्यावर सयामांनी मेणबत्त्या लावल्या. मी सहज विचारलं, आज कसला सण? त्या म्हणाल्या, "दिव्यांचा. पौर्णिमेचा. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू एका जागी राहतात, ते आज संपतात. मी मुग्धा-सानला सांगितलं होतं ना, ह्याच सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी नदी ओलांडली."

मी दुधाचा पेला खाली ठेवला.

दिव्यांचा सण. पौर्णिमा. आश्विन. म्हणजे कोजागरी. आणि माझी लेक साताऱ्यात वाढलेली. तिला कुणी दिव्यांचा सण म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर काय येणार? मी इराला बाजूला घेतलं आणि तिच्या आईच्या फोनवर त्या वर्षीचं मराठी कॅलेंडर काढून मागितलं. कोजागरी ऑक्टोबरात. पुढे पंधरवड्याने नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिवाळी. अर्जात तंतोतंत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. दवाखान्याची चिठ्ठी कोजागरीच्या दुसऱ्याच दिवसाची. कागद भांडतच नव्हते. दोघंही खरं बोलत होते, मधे माझी मुलगी उभी होती.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. मी त्या संध्याकाळी काही बोलले नाही. रविवारी दिवसभरही नाही. का? तर मुग्धाचं त्याच महिन्यात कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचं प्रकरण त्याच खात्यात गेलेलं होतं. दहा वर्षांनी कुठे ते जमलं होतं. आपल्या हातून सरकारी अर्जात चुकीची तारीख पडली, हे तिने त्याच खात्याला लिहून दिलं आणि त्यांनी आडवं लावलं तर? तिचा सगळा संसार तिथे. सयामांची लेक माझी कोण? असा विचार मी केला, रविवारी भाजी चिरताना केला, आणि केला ते लिहून ठेवते.

सोमवार

सोमवारी सकाळी इराच्या डब्यात पोळी घालता घालता मुग्धाच म्हणाली की आज ती आणि मोरी-सान मिळून चिठ्ठी मागे घेतल्याचं पत्र लिहिणार. आता गप्प राहणं म्हणजे खोट्या कागदावर सही करण्यासारखंच होतं. चौतीस वर्षांत ते कधी केलं नाही.

"मुग्धा," मी म्हटलं, "दिवाळी पौर्णिमेला कधीपासून यायला लागली?"

मग तिने पोळीचा हात तसाच ओट्यावर टेकवला. तिला समजवावं लागलं नाही. सयामांनी 'दिव्यांचा सण' म्हटलं, हिने 'म्हणजे दिवाळीच ना' म्हणून फोनवर त्या वर्षीची दिवाळी शोधली आणि तिच्या दुसऱ्या दिवसाची तारीख लिहून टाकली. सयामांचा फोन नदीत गेलेला, इंग्रजी तारीख त्यांच्या लक्षात नव्हती. ही म्हणाली ही तारीख, त्यांनी विश्वासाने मान डोलावली.

"एका प्रश्नाचं काम होतं," मुग्धा म्हणाली. "अमावास्या की पौर्णिमा, एवढं विचारायचं. मी गृहीत धरलं." आणि मग ती रडली. मीही तिला रडू दिलं. डबा अनिकेतने भरला.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते सगळीकडे होतं तसंच झालं. अनिकेत वाईट माणूस नाही, पण तोही बाप आहे. त्याचं म्हणणं, खुलासा गटाच्या नावाने द्या, तुझं नाव कशाला? आणि गंमत म्हणजे फोनवर मोरी-सानही तेच म्हणाल्या. त्यांच्याकडे रीतच आहे, एकाची चूक ती सगळ्यांची, सगळ्यांनी मिळून वाकायचं. त्या गटातर्फे माफी मागायला तयार होत्या. चांगुलपणाच तो, त्यात शंका नाही.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण कागदातलं मला कळतं अशी ख्याती झालेली. माझ्या जिभेवर आलं होतं, हो, गटाच्या नावाने द्या. आईचं मन तेच म्हणत होतं. पण कोर्टात मी हजारो प्रतिज्ञापत्रं हाताळली आहेत. 'चूक झाली' असं लिहिलेलं आणि कुणाकडून झाली ते न लिहिलेलं प्रतिज्ञापत्र कुणीही वाचत नाही. मी खरं ते सांगितलं.

मुग्धा शांतपणे म्हणाली, "आई, सयामांनी हजेरीपटावर एक खोटी सही केली असती तर आज त्या आपल्या घरी, आपल्या शाळेत असत्या. मला एक खरी सही करायचीय. एवढं तरी करू दे."

अनिकेत उठून आत गेला. मला वाटलं रागावला. तो लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "सांग, जपानी मी बघतो. तुझं जपानी लिखाण फार उद्धट असतं."

मग आम्ही बसलो. मी मराठीत सांगायचं, मुग्धाने जपानीत लिहायचं, अनिकेतने तपासायचं. 'मी खाली सही करणार मुग्धा, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की...' माझ्या तोंडची कोर्टाची मराठी जपानीत जाताना बघून मला मजाही वाटत होती. अनिकेत म्हणाला, "आई, तुमचं वाक्य संपत कधी?" मी म्हटलं, "पूर्णविराम पक्षकाराला परवडत नाही, थांब." त्या दिवसात आम्ही पहिल्यांदा हसलो.

शुक्रवार

मुग्धाचं निवेदन पान एकेचाळीस झालं. पान बेचाळीस, ब्रह्मी दुकानदाराने आपल्या माळ्यावरून शोधून दिलेलं त्या वर्षीचं ब्रह्मी कॅलेंडर, सणाच्या पौर्णिमेला गोल. मी म्हटलं, माझ्याही कॅलेंडरचं पान जोडा, म्हणजे दिवाळी वेगळी आणि ही पौर्णिमा वेगळी हे दिसेल. मला वाटलं मोरी-सान हसतील. त्यांनी गंभीरपणे ते छापून घेतलं, कोजागरी आणि लक्ष्मीपूजन यांच्या खाली जपानीत अर्थ लिहिला, आणि ते पान त्रेचाळीस झालं. गटाच्या वकिलांनी सगळं वाचून होकार दिला. साताऱ्यातल्या आमच्या भिंतीवरची कोजागरी टोकियोच्या सरकारी दप्तरात दाखल झाली. माझी छाती किती फुगली असेल, तुम्हीच समजून घ्या.

सयामांना हे सांगायचं काम मुग्धाचं होतं. ती त्यांच्यासमोर जपानी पद्धतीने वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाही. सयामांनी तिची हनुवटी धरून तिला उभं केलं. म्हणाल्या, "माझ्या वर्गात जी मुलगी उठून म्हणायची की बाई, माझं उत्तर चुकलं, तिला मी पहिल्या बाकावर बसवायची."

मुलाखत मी निघायच्या चार दिवस आधी झाली. आम्ही बाहेर बाकावर. तास गेला, दीड तास गेला. मग दार उघडून एकाने विचारलं, पान एकेचाळीसवर सही करणारी व्यक्ती आली आहे का? मुग्धा उठली. ती आत गेली ती वीस मिनिटांनी बाहेर आली. त्यांनी विचारलं, चूक कशी झाली? तिने सांगितलं, माझ्या घरी दिव्यांचा सण एकच असतो, दुसऱ्या कुणाचा वेगळा असेल हे मी विचारलं नाही. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, आणि सयामांना विचारलं की ही फाइल लावली कुणी, असं लावलेलं बघायला मिळत नाही. सयामा म्हणाल्या, "माझ्या मोठ्या बहिणीने."

विमानतळावर सयामा कारखान्यातून थेट आल्या होत्या. त्यांना काहीतरी द्यावं म्हणून मी दोन आठवडे डोकं खाजवत होते. स्वेटर देण्याची हिंमत आता नव्हती. शेवटी निघायच्या दोन दिवस आधी विचारलंच होतं, काय हवं? त्या म्हणाल्या, फळा. मुग्धाच्या दिवाणखान्यात भिंतीवर लावून आले. आता दर रविवारी त्या इराला आणि इमारतीतल्या सहा मुलांना गणित शिकवतात, आणि आपल्या ह्या चिकित्सक आया त्यांना पोह्यांपासून पुरणपोळीपर्यंत काय काय बांधून देतात, त्याबदल्यात नव्हे, आदराने.

मला येऊन सात महिने झाले. परवा फोन वाजला. मुग्धाचा होता, पण ती 'आई' एवढंच म्हणाली. मग फोन इराने घेतला.

"आजी, सयामांना कागद मिळाला," ती म्हणाली. सरळ मराठीत. "त्यांची मुलगी येणार आहे."

मुग्धाचा स्वतःचा परवाना अजून आलेला नाही. येईल, न येईल. त्या सहीमुळे लांबला की नुसताच लांबला, कुणी सांगत नाही. मी विचारलं, पस्तावा होतो का? ती म्हणाली, तारखेचा होतो, सहीचा नाही.

फोन ठेवला आणि मी कपाट उघडलं. मुग्धाची एक नस्ती आहे माझ्याकडे, बालवाडीच्या प्रगतिपुस्तकापासून इंजिनीअरिंगच्या पदवीपर्यंत, एकशे बारा पानं. पान एकेचाळीसची प्रत मी येताना आणलेली होती. ती बाहेर काढली तर हे मागून म्हणाले, "अगं, चुकीची कबुली कुणी सर्टिफिकिटांत लावतं का?"

मी टॅग सोडला. चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदा घातलेलं पृष्ठांकन मी कधी बदललं नव्हतं. खोडरबर घेतलं, आणि बसून एकशे बाराच्या एकशे बारा पानांवरचे आकडे एकेकाने पुढे ढकलले. मग ती प्रत सगळ्यांच्या वर ठेवली आणि उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहिलं, एक.